कारच्या एसीचा गॅस दर उन्हाळ्यात संपतो : कूलिंग कॉइल बदलावी का?

वाघोली_ते_वाई (धागाकर्ता)

माझी २०१४ सालची छोटी पेट्रोल मोटार आजवर ७८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचा एसी गार हवा देईनासा झाला, तेव्हा घराजवळच्या एका गॅरेजने गॅस संपल्याचे सांगून १,८०० रुपयांत तो भरून दिला. ऑगस्टमध्ये पुन्हा तीच गत झाली. या वर्षी फेब्रुवारीत तिसऱ्यांदा गॅस भरला आणि एप्रिल उजाडतो न उजाडतो तोच ब्लोअरमधून नुसता वारा येऊ लागला.

आता तेच गॅरेज म्हणते की कूलिंग कॉइल लीक आहे, ती बदलण्यासाठी डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल आणि कॉइल, मजुरी व गॅस मिळून १३,५०० रुपये खर्च येईल. कॉइल लीक असल्याचे कशावरून ठरवले, असे विचारल्यावर "बाहेर कुठे लीक दिसत नाही, म्हणजे आतच असणार" एवढेच उत्तर मिळाले. हे निदान मला पटत नाही, पण ते चूक आहे असे म्हणण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

शीतयंत्र

मी गेली बावीस वर्षे छत्रपती संभाजीनगर येथे मोटारींच्या एसीचे काम करतो. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नाही. तो गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधून बंपरमागच्या कंडेन्सरमध्ये (येथे गॅस निवून द्रव होतो), तेथून ओलावा शोषणारा ड्रायर आणि बारीक तोंडाचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांमार्गे डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये (येथे हवा गार होते) आणि पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये असा फिरत राहतो, आणि बंद मार्गातून फिरणारी वस्तू कमी झाली याचा अर्थ मार्गाला कोठेतरी छिद्र आहे. आपल्या गाडीत दोन वर्षांत तीनदा गॅस भरला गेला, पण छिद्र एकदाही शोधले गेले नाही. त्या ५,४०० रुपयांत गळतीची संपूर्ण तपासणी होऊन वर पैसे उरले असते.

गॅरेजचे निदान चूक असेलच असे मात्र मी म्हणणार नाही. या वयाच्या छोट्या गाड्यांमध्ये कूलिंग कॉइल गळणे अगदी नेहमीचे आहे. ही कॉइल अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची असते आणि एसी चालू असताना हवेतील बाष्प तिच्यावर सतत निथळत असते. त्या ओलाव्यात धूळ, पानांचा चुरा आणि रस्त्यावरचा धूर मिसळला की एक आंबट चिखल तयार होतो आणि तो धातूला आतल्या आत पोखरत राहतो. अनेक छोट्या गाड्यांच्या स्वस्त आवृत्त्यांमध्ये केबिन फिल्टरची खाच असते, पण त्या खाचेत फिल्टरच बसवलेला नसतो. आपण ग्लोव्ह बॉक्स उतरवून आपल्या गाडीत तो आहे का, हे पाहावे. आपल्याला उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता आहे.

तरीसुद्धा "बाहेर दिसत नाही म्हणून आत असणार" ही पद्धत मी मान्य करणार नाही. बाहेर पाहिले म्हणजे नेमके काय पाहिले, हे विचारा. कंडेन्सरचा खालचा कोपरा बंपरमागे दडलेला असतो. कॉम्प्रेसरच्या क्लचमागील शाफ्ट सील वरून दिसत नाही. पाइपांच्या सांध्यांतील ओ-रिंगा, प्रेशर स्विचचा आटा आणि गॅस भरायच्या तोंडातील बारीक व्हॉल्व्ह हे सगळे तपासावे लागते. गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. असा काळपट, ओलसर डाग कोठे दिसतो का, हे आपण स्वतः बॅटरीच्या उजेडात पाहू शकता.

हिशेबी

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही. माझ्या गाडीत दर चार वर्षांनी गॅस भरावा लागतो आणि त्याने काम उत्तम चालते. प्रत्येक वेळी छिद्र शोधत बसणे व्यवहार्य नाही. शिवाय गॅरेजवाले गेज (दाबमापक) लावून प्रेशर बघतात, त्यावरून गॅस किती कमी आहे हे कळतेच.

शीतयंत्र

आपल्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. रबरी नळ्यांच्या भिंतींतून आणि शाफ्ट सीलमधून थोडा गॅस वर्षानुवर्षे झिरपतोच, आणि त्यामुळे चार-सहा वर्षांनी थंडावा कमी झाला तर मीही गिऱ्हाइकाला घाबरवत नाही. परंतु चार वर्षे आणि चार महिने यांत फरक आहे.

दुसरा मुद्दा मात्र चुकीचा आहे, आणि हा गैरसमज धंद्यातल्या लोकांमध्येही खोल रुजलेला असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो. इंजिन बंद असताना नळ्यांमधले प्रेशर गॅसच्या वजनावर नव्हे, तर तापमानावर ठरते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेल्या आर-१३४ए या गॅसचे प्रेशर ३० अंश सेल्सिअसला सुमारे ९७ पीएसआय (दाबाचे एकक) आणि ४० अंशांना सुमारे १३३ पीएसआय असते. आत ४०० ग्रॅम गॅस असो की १५० ग्रॅम, जोवर त्यातला थोडासा भाग द्रवरूपात शिल्लक आहे तोवर गेजचा काटा तेवढाच दाखवणार. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचेही असेच असते, म्हणून तर तो किती उरला हे पाहायला आपण त्याला वजनकाट्यावर ठेवतो किंवा हलवून पाहतो.

इंजिन चालू असतानाच्या प्रेशरवरून बरेच काही कळते, पण नेमके वजन कळत नाही. बाहेर ३० अंश तापमान असताना लो साइड (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसची कमी दाबाची बाजू) साधारण २५ ते ४५ पीएसआय आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणारी जास्त दाबाची बाजू) १५० ते २५० पीएसआय असावी. विदर्भातल्या मे महिन्यात हाय साइड याहून बरीच वर जाते आणि त्यात बिघाड काहीच नसतो. आता हाच आकडा पाहून कोणी गॅस कमी केला किंवा लो साइड कमी दिसते म्हणून वाढवला, तर तो केवळ अंदाज असतो. बॉनेटखाली एक स्टिकर असतो आणि त्यावर गॅसचा प्रकार व वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. छोट्या गाड्यांत ते बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम असते. जुना गॅस पूर्ण काढून, व्हॅक्यूम करून (पंपाने आतली हवा ओढून), वजनकाट्यावर मोजून तेवढाच गॅस भरणे हीच योग्य पद्धत आहे. जास्त भरला तर कंडेन्सरचा खालचा भाग द्रवाने तुंबतो, हाय साइड चढते, एसी उलट कमी गार करतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

टॉप-अपचा, म्हणजे वरून नुसता गॅस भरत राहण्याचा, आणखी एक तोटा बिलावर दिसत नाही. गळतीतून गॅससोबत तेलही जाते. छोट्या गाडीच्या पूर्ण यंत्रणेत तेल जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर असते. तीनदा नुसता गॅस भरला आणि तेल एकदाही पाहिले नाही, तर कॉम्प्रेसर हळूहळू कोरडा पडतो. मग एक दिवस तो घरघरतो, सीझ (जाम) होतो आणि त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक मार्गांत जाऊन अडकतो. त्या अवस्थेत कंडेन्सर धुऊन साफ होत नाही, बदलावाच लागतो, आणि तेव्हा १३,५०० रुपये स्वस्त वाटू लागतात.

मिऱ्याबंदर

आमच्याकडे रत्नागिरीत कूलिंग कॉइलपेक्षा कंडेन्सर आधी जातो. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पट्ट्यांची भुकटी होते, बोट लावले तरी झडते. धागाकर्त्यांची गाडी कधी कोकणात राहिली आहे का? कॉइल उघडण्यापूर्वी पुढचा बंपर उतरवून कंडेन्सर पाहून घ्यावा. ते काम तासाभराचे आहे.

मी दर पंधरा दिवसांनी साध्या नळाच्या पाण्याने, धार मंद ठेवून कंडेन्सर धुतो. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पट्ट्या आडव्या पडतात आणि हवा जायची वाट बंद होते.

वाघोली_ते_वाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडी पुण्याबाहेर कधी मुक्कामाला राहिलेली नाही. ग्लोव्ह बॉक्स उतरवून पाहिले, तर शीतयंत्र यांनी म्हटल्याप्रमाणे फिल्टरची खाच रिकामीच आहे आणि आत गुलमोहराची बारीक पाने दिसत आहेत, कारण दहा वर्षे गाडी आमच्या सोसायटीतल्या गुलमोहराखालीच उभी असते. बाहेरच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसला नाही. आता गळती नक्की करण्यासाठी गॅरेजकडे कोणती तपासणी मागावी? एका ठिकाणी "व्हॅक्यूम धरला, म्हणजे लीक नाही" असेही सांगण्यात आले.

शीतयंत्र

व्हॅक्यूम हा ओलावा काढण्याचा उपाय आहे. त्या विरळ पोकळीत नळ्यांमधले पाणी साध्या तापमानालाही उकळून वाफ होऊन बाहेर पडते, म्हणून पंप किमान अर्धा तास चालवायचा असतो. गळती शोधण्यासाठी मात्र तो कच्चा आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरच्या हवेचा दाब फार तर १४-१५ पीएसआय, आणि तोही बाहेरून आत. एसी चालताना हाच दाब दोनशेच्या वर आणि आतून बाहेर असतो. सैल ओ-रिंग व्हॅक्यूममध्ये आत ओढली जाऊन घट्ट बसते आणि प्रेशर येताच उघडते. तेव्हा व्हॅक्यूम टिकला नाही तर गळती आहे हे नक्की, पण टिकला म्हणून गळती नाही असे म्हणता येत नाही.

आपण कोरड्या नायट्रोजनची तपासणी मागावी. यंत्रणा रिकामी करून १५० पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरतात आणि गाडी रात्रभर ठेवतात. कॉम्प्रेसरची साधी हवा भरू देऊ नका, कारण तिच्यासोबत पाणी आत जाते. सकाळी काटा पाहताना तापमानाचा हिशेब धरावा. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी ३८ अंश आणि पहाटे २२ अंश असेल, तर गळती नसतानाही १५० चा काटा १४२ च्या आसपास येतो. त्यापेक्षा खाली गेला तर छिद्र आहे.

छिद्र कॉइलमध्येच आहे का, हे डॅशबोर्ड न उतरवता बऱ्याच अंशी कळते. कॉइलवरचे पाणी ज्या नळीतून गाडीखाली टपकते, ती नळी म्हणजे आपल्याला आत डोकावायची खिडकीच आहे. नायट्रोजन भरलेला असताना त्या नळीच्या तोंडावर साबणाचा फेस लावला आणि बुडबुडे आले, तर शंका उरत नाही. मात्र बुडबुडे आले नाहीत तरी कॉइल सुटत नाही, कारण बारीक गळती मधल्या फटींतून इतरत्र निघून जाते. त्यासाठी यंत्रणेत थोडा गॅस ठेवून, ब्लोअर बंद करून पंधरा मिनिटे थांबावे आणि मग इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर त्या नळीशी धरावा. हा गॅस हवेहून जड असल्यामुळे खाली साचतो. तिसरा मार्ग म्हणजे तेलासोबत रंगद्रव्य सोडून आठ-दहा दिवसांनी अतिनील दिव्याखाली पाहणे. गळतीच्या जागी पिवळट हिरवा उजेड दिसतो, पण कॉइलच्या बाबतीत तो नळीतल्या पाण्यासोबत धुऊनही जातो, म्हणून मी त्यावर एकट्यावर विसंबत नाही.

जुनी_पद्मिनी

थोडा वेगळा प्रश्न आहे, पण याच धाग्यात विचारतो. माझ्या १९९३ च्या गाडीत आर-१२ गॅसचा एसी आहे. तो गॅस आता मिळत नाही. त्यात आर-१३४ए भरता येईल का?

शीतयंत्र

नुसता भरता येणार नाही. ओझोनच्या थराला अपाय करणारा म्हणून आर-१२ हा १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याचे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे तेल कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही. जुने तेल काढून योग्य तेल घालावे, ड्रायर आणि सर्व ओ-रिंगा बदलाव्यात, शक्य असल्यास नव्या प्रकारच्या नळ्या टाकाव्यात आणि मूळ वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्केच गॅस भरावा. थंडावा थोडा कमी मिळेल, हे मात्र गृहीत धरा.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टला राहतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशामुळे १ जानेवारी २०१७ पासून येथील कोणतीही नवी मोटार आर-१३४ए घेऊन विकता येत नाही, कारण त्या गॅसची उष्णता अडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानली जाते. त्याच्या जागी आर-१२३४वायएफ आला. तो किंचित ज्वालाग्राही आहे, बराच महाग आहे आणि त्याची भरण्याची तोंडेही निराळी आहेत, त्यामुळे गळती न शोधता पुन्हा पुन्हा गॅस भरण्याची चैन येथे कोणाला परवडत नाही. भारतात बहुसंख्य गाड्यांमध्ये अजून आर-१३४ए च आहे, पण भारतानेही २०२१ मध्ये असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली दुरुस्तीला (मॉन्ट्रियल करारातील दुरुस्ती) मान्यता दिली आहे.

हिशेबी

शीतयंत्र यांचे प्रेशर आणि वजनाचे स्पष्टीकरण पटले. माझे म्हणणे मागे घेतो. एक शंका मात्र आहे. बाजारात गळती बुजवणाऱ्या द्रवाच्या बाटल्या मिळतात. तेरा हजारांचे काम बाराशेत होत असेल, तर प्रयत्न करून पाहायला काय हरकत आहे?

शीतयंत्र

तसे करू नये. त्यातली बरीच द्रव्ये ओलाव्याशी संयोग पावून घट्ट होतात, आणि यंत्रणेत थोडा ओलावा असला तर ती छिद्राऐवजी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातच गोठून बसतात. शिवाय पुढचा कारागीर त्याच्या यंत्राने तो गॅस ओढून घेईल, तर त्याचे यंत्रही बिघडते. असे द्रव टाकलेली गाडी मी तरी हातात घेत नाही.

स्वस्त गॅसबद्दलही सावध राहावे. बनावट डब्यांत कधी ज्वालाग्राही वायू मिसळलेला असतो, तर कधी मिथाइल क्लोराइड, जे अॅल्युमिनियमशी संयोग पावून हवेचा स्पर्श होताच पेटणारे रसायन तयार करते. २०११ मध्ये जहाजांवरील शीत कंटेनरांच्या कॉम्प्रेसरांत याच कारणाने स्फोट होऊन कामगार दगावले होते. डबा आपल्यासमोर उघडायला सांगण्यात संकोच बाळगू नये.

बॅटरीगाडी

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांसाठी एक ओळ जोडतो. या गाड्यांच्या कॉम्प्रेसरची मोटर उच्च दाबाच्या विजेवर चालते आणि तिच्याभोवती फिरणारे तेल वीजरोधक, पीओई प्रकारचे असावे लागते. पेट्रोल गाडीचे पीएजी तेल त्यात थोडेसे मिसळले तरी विद्युतरोध घसरतो. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात तेच गेज आणि तेच तेल वापरून काम करून घेऊ नये.

वाघोली_ते_वाई

पुढची हकिगत सांगतो. दुसऱ्या एका कारागिराकडे नायट्रोजनची तपासणी करून घेतली. त्याने ७०० रुपये घेतले. संध्याकाळी १५० वर असलेला काटा सकाळी ११८ वर आला होता. बंपर उतरवून कंडेन्सर पाहिला, तो ठणठणीत निघाला. पाण्याच्या नळीवर फेस लावल्यावर पहिली दहा मिनिटे काहीच दिसले नाही, मग एकेक बारीक बुडबुडा फुगू लागला. म्हणजे पहिल्या गॅरेजचे निदान बरोबरच होते! त्यांना मी मनातल्या मनात लबाड ठरवले होते, ते आता मागे घेतो, पण त्यांनी हीच तपासणी पहिल्या वेळी केली असती तर माझे पाच हजार वाचले असते, ही तक्रार कायम आहे.

काम या दुसऱ्या कारागिराला देत आहे. तो कॉइलसोबत एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायरही बदलायचे म्हणतो. हे आवश्यक आहे की बिल फुगवणे आहे?

शीतयंत्र

आवश्यक आहे. ड्रायरमध्ये ओलावा शोषणारे दाणे असतात आणि यंत्रणा इतक्या वेळा रिकामी झाल्यावर ते भिजलेले असणार. हा ओलावा गॅस आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि तेच नव्या कॉइलला आतून खाईल. आपल्या गाडीत ड्रायर वेगळा नसून कंडेन्सरच्या कडेच्या नळीत पिशवीच्या रूपात असेल, तर केवळ ती पिशवी बदलता येते का ते विचारावे. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुलनेने स्वस्त असतो आणि तो कॉइलच्या तोंडाशीच बसतो. उद्या तो चोक झाला तर त्यासाठी पुन्हा मजुरी देण्यात अर्थ नाही. जुनी कॉइल आपल्या ताब्यात मागून घ्या. आणि कॉइल बसवल्यावर, डॅशबोर्ड परत चढवण्यापूर्वी, नायट्रोजन पुन्हा भरून पाहायला सांगा. हे बहुतेक जण घाईत टाळतात.

वाघोली_ते_वाई

काम दोन दिवसांत झाले आणि एकूण ११,९०० रुपये लागले. जुनी कॉइल घरी आणली आहे. तिच्या खालच्या तृतीयांशात पाने, केस आणि काळ्या चिखलाचा थर इतका घट्ट बसला आहे की त्यातून हवा जात होती याचेच नवल वाटते. वजनकाट्यावर मोजून ३८० ग्रॅम गॅस भरला, स्टिकरवर तेवढेच लिहिले आहे. केबिन फिल्टर ३५० रुपयांत बसवला. दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या गाडीतही आता मधल्या झडपेशी तापमापकावर ८ अंश दिसतात.

डॅशबोर्ड मात्र डाव्या बाजूला खडखडतो आहे. खराब रस्त्यावरच आवाज येतो.

शीतयंत्र

ग्लोव्ह बॉक्समागच्या दोन क्लिपा बहुधा तुटल्या असतील. उतरवताना त्या हमखास तुटतात आणि बरेच जण त्याच पुन्हा दाबून बसवतात. नव्या क्लिपा किरकोळ किमतीला मिळतात. त्या बसवताना प्लास्टिक जेथे प्लास्टिकला घासते तेथे फेल्टची चिकटपट्टी लावायला सांगा. त्यानंतरही आवाज राहिला, तर ब्लोअरच्या खोक्याचा खालचा स्क्रू राहून गेला आहे का ते पाहावे.

वाघोली_ते_वाई

स्क्रूच राहिला होता. कारागिराने फोनवरच कबूल केले, शनिवारी लावून देतो म्हणाला.